फाटकवाल्याची फरशी

भाऊजी, गेल्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता फाटकवाल्याचा निकाल लागला. दंडाची रक्कम तीनशे नाणी. हजर होतो मी, तुमचे दादा आणि सई. तुम्ही नव्हतात. आणि असलं काही कळलं की ते सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायची सवय लागलेली, म्हणून हे लिहायला बसले आहे. लोक म्हणतील, दीर जाऊन धड दोन महिने झाले नाहीत आणि ही बाई कॉम्प्युटरवरच्या खेळाचं लिहिते. म्हणू देत. तुम्ही कामसू होतात, मनमिळाऊ होतात, नरोलीच्या प्लांटमध्ये बंद पडलेलं मशीन तुमचा आवाज ऐकून चालू व्हायचं, हे सगळं शोकसभेत बोलून झालं. खोटं त्यात काही नाही. पण त्यातल्या एकाही वाक्यात मला तुम्ही दिसला नाहीत. मला तुम्ही दिसता ते हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून, हातात लसणाचा गड्डा धरून, माझ्याशी भांडताना.

नऊ चौकटी तुम्हीच घरात आणल्यात. फासे टाकून, कागदावर माणसं रचून खेळायचे खेळ असतात, त्यातली ही पद्धत, असं तुम्ही जेवताना सांगितलंत. "वहिनी, फक्त दोन प्रश्न. एक, माणूस नियम पाळतो, मोडतो, की सोयीनं घेतो? दोन, तो दुसऱ्याचं भलं करतो, वाईट करतो, की आपलं आपण बघतो? तीन त्रिक नऊ. जगातला कुठलाही माणूस यात बसतो." मी म्हटलं, "सायली गावातल्या माझ्या कंपनीचे, ज्यांची बिलं मी तपासते ते सप्लायर बसवून दाखवा." तुम्ही म्हणालात, "त्यांना दहावी चौकट लागेल." तुमचे दादा आमटी वाढून घेत होते, ते म्हणाले, "मला कुठं बसवलंय?" तुम्ही त्यांच्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "दादा, तू बरोबर मध्ये. ना इकडचा, ना तिकडचा. भांडण झालं की आमटी घेतोस." आणि खरंच त्यांनी आणखी एक डाव घेतला.

मी तोवर आयुष्यात पत्त्यांचा सोडून दुसरा खेळ खेळले नव्हते. तुम्ही तो जुना कॉम्प्युटर घेतलात तेव्हा मी वीजबिलाबद्दल बोलले होते, ते तुम्ही कधी विसरू दिलं नाहीत. तुमच्या त्या खेळात एक नदीकाठचं शहर होतं. वरच्या अंगाला तटबंदी, खालच्या अंगाला झोपड्या, आणि तुम्ही तिथं आलेले एक परके वाटसरू. मारामारी फार नाही, माणसांशी बोलायचं आणि काय बोलायचं ते निवडायचं. सगळं इंग्रजीत. तुम्ही वाचायचात आणि मला तुमच्या मराठीत सांगायचात, म्हणून त्या शहरातली सगळी माणसं माझ्या डोक्यात थोडी खानदेशी आणि थोडी गुजराती बोलतात. चोर पहिल्या भेटीत खंजीर काढून तुम्हाला काय म्हणाला? "शांती राखो, भाई." मी अजून मानत नाही की मूळ खेळात असं काही होतं.

त्यांची नावं आपल्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना वस्तू दिल्या. हॉलमध्ये टीव्हीपुढच्या नऊ फरश्या घेतल्या. डावीकडून उजवीकडे नियमी, मधला, मोकाट. वरून खाली भला, मधला, वाईट. चोर म्हणजे लसणाचा गड्डा. औषध देणारी बाई म्हणजे बामची बाटली. आणि तटबंदीच्या दाराशी उभा असायचा तो फाटकवाला, त्याला माळ्यावरचं जुनं पितळी कुलूप. रविवारी झाडू मारताना मी त्या नऊ फरश्या सोडून बाकीचा हॉल झाडायचे. माझ्या माहेरच्या कुणाला हे कळलं असतं, तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं.

भांडण लसणावरून सुरू झालं. तो श्रीमंतांची घरं फोडायचा आणि अर्धा माल खालच्या वस्तीत वाटायचा. तुम्ही गड्डा उचलून थेट मोकाट-भल्यावर ठेवलात. मी तो उचलून एक फरशी खाली आणला.

"का?"

"उरलेला अर्धा कुठं जातो?"

"वहिनी, त्याला पोट नाही का?"

"पोटाला अर्धा माल? हे दान नाही भाऊजी, हे कमिशन आहे."

"त्याच्या मनात काय आहे ते बघा ना."

"मन कुठल्या कॉलमात भरू?"

आपलं सगळं भांडण त्या एका वाक्यात आलं, नाही का? मी म्हणायचे, माणसानं काय केलं ते बघा, भाषण नको. तुम्ही म्हणायचात, का केलं ते बघितल्याशिवाय काय केलं ते कळतच नाही. तुमचं म्हणणं मला हिशेबात ढिलाईचं वाटायचं. माझं तुम्हाला कोरडं वाटत असणार, पण तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. "तुम्ही तर मला ऑडिटच लावता," एवढंच म्हणायचात, आणि गड्डा माझा डोळा चुकवून वर सरकवायचात.

बामच्या बाटलीच्या वेळी मात्र मी जिंकले. ती बाई गोड बोलायची, गरिबांना औषध फुकट द्यायची, तुम्ही तिला पहिल्या दिवसापासून नियमी-भल्यावर बसवलेली. मला एकच गोष्ट टोचत होती. प्रत्येक वेळी आपण गेलो की तिच्या दुकानात एक कपाट वाढलेलं. मी म्हटलं, फुकट देणाऱ्याचं दुकान वाढतं कसं? तुम्ही हसलात. आणि तीन रविवारांनी कळलं की गरिबांवर ती नवी औषधं आजमावत होती आणि गुण आला की तटाच्या आत दामदुपटीनं विकत होती, तेही परवाना भिंतीवर लावून. मी बाटली उचलली आणि नियमी-वाईटवर आपटली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण तुमचा चेहरा असा पडला की जणू ती बाई आपल्या कॉलनीत राहत होती. आपण जेवायला बसलो. मग ताट ओढत म्हणालात, "तिनं त्या म्हातारीला ब्लँकेट दिलं होतं, ते तर कुणी बघत नसताना दिलं होतं." मी बाटली हलवली नाही. पण ते ब्लँकेट अजून माझ्या डोक्यात आहे. कशात धरायचं ते मला आजही कळलेलं नाही.

त्याच दिवशी मला तुमच्या पद्धतीतली खोट सापडली आणि ती मी तुम्हाला पापड भाजता भाजता सांगितली. तुम्ही सगळ्यांशी चांगलं वागता. धमकी द्यायची सोय असली तरी विनंती करता, दाम कमी करायची सोय असली तरी पूर्ण देता. मग समोरचाही चांगला दिसणारच. हा त्या माणसाचा स्वभाव नव्हे, ही तुमची सावली. खरं बघायचं तर एकदा वाईट वागून बघा. तुम्हाला ते पटलं. बराबर आहे, म्हणालात. जेवण झाल्यावर कॉम्प्युटरशी बसलात, फाटकवाल्यापुढं उभे राहिलात, दरडावणीचं वाक्य निवडलंत, आणि बटण दाबायच्या आधी हात काढून घेतलात.

"नाही होत, वहिनी."

"अहो, चित्र आहे ते!"

"चित्र असू दे. बिचारा ड्युटीवर आहे."

मी एवढी हसले की सई अभ्यास सोडून बाहेर आली.

पण त्या कुलपाची जागा काही ठरत नव्हती. फाटकवाल्याचा नियम एकच. संध्याकाळची घंटा झाली की फाटक बंद, मग कुणी का असेना. आपल्या डोळ्यांदेखत त्यानं व्यापाऱ्याला अडवलं, सरदाराला अडवलं, स्वतःच्या बहिणीला अडवलं. घंटेनंतर फाटक उघडणाऱ्याला तीनशे नाण्यांचा दंड, अशी पाटीच दारावर होती. मी कुलूप नियमी-मधल्यावर ठेवलं होतं. भला नाही, वाईट नाही, नियम चालवणारा माणूस. आमच्या गेटवरचा वॉचमन तसा आहे, मी स्वतः बरीचशी तशी आहे. तुम्ही ते रोज एक फरशी वर ढकलायचात. "पुरावा काय?" विचारलं की म्हणायचात, "बहिणीला अडवलं तेव्हा तो पाठ करून उभा राहिला. ज्याला काही वाटत नाही तो समोर बघून अडवतो." पाठीवरून माणूस ओळखायचा! असा पुरावा मी कुणाच्या बापाचा मानला नसता.

आणि मग तो शेवटचा रविवार. खेळात पाऊस आठवडाभर लागलेला, नदी चढलेली, खालची वस्ती सगळी पोरंबाळं घेऊन तुमच्या मागं तटाच्या दाराशी आलेली, आणि घंटा नुकतीच होऊन गेलेली. पडद्यावर पाच वाटा आल्या. धमकी द्या, लाच द्या, खोटा हुकूम सांगा, विनंती करा, किंवा काही न बोलता उभे राहा. "उघडेल," तुम्ही म्हणालात. "उघडणार नाही," मी म्हणाले. "त्यानं उघडलं तर माझा त्याच्याबद्दलचा सगळा हिशेब चुकला." तेवढ्यात तुमच्या सेकंड शिफ्टची वेळ झाली. चप्पल घालता घालता म्हणालात, "पुढच्या रविवारी बघू. फाटकवाला कुठं जातोय?"

तो गेला नाही. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

रडायचं ते मी रडले, त्याबद्दल लिहीत नाही. एक गोष्ट मात्र लिहिते. तुम्ही मला कितीदा विचारलंत, "वहिनी, मी कुठल्या फरशीवर?" आणि मी दर वेळी एकच उत्तर दिलं, चालू वर्षाचा ताळेबंद होत नाही, वर्ष संपू द्या. मला ते उत्तर फार हुशारीचं वाटायचं. तेराव्यानंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं, तेव्हा मी तुमचा खिशातला टेस्टर घेऊन त्या फरश्यांपाशी बसले. म्हटलं, आता तरी जागा देऊ. मोकाट-भला म्हणावं, तर तीस वर्षांत एकदा शिफ्टला उशीर नाही. नियमी-भला म्हणावं, तर माझ्या डब्यातले लाडू कुणी कसे संपवले ते मला ठाऊक आहे. टेस्टर कसाही ठेवला तरी दोन फरश्यांवर आडवा पडायचा. शेवटी उचलून परत तुमच्या शर्टाच्या खिशात लावला. तुम्ही विचारत होतात तेव्हा नुसतं "वरच्या ओळीत" म्हटलं असतं, तरी चाललं असतं. वरची ओळ नक्की होती, भाऊजी. तिच्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

कॉम्प्युटरवर मी चादर घातली. सईला एकदा काहीतरी छापायला तो हवा होता, तिनं चादर काढली आणि आतून हाक मारली, "आई, काकाचा खेळ तसाच आहे. दारापाशी."

मी म्हटलं, असू दे. त्या खेळात मागं जाता येत नाही हे तुम्हीच सांगितलं होतंत. एकदा निवडलं की तेच लिहिलं जातं, दुसरी संधी नाही. मी हात लावला तर तुमचं जे शेवटचं उरलंय ते माझं होईल. आणि हात नाही लावला तर तो फाटकवाला कसा होता ते मला मरेपर्यंत कळणार नाही. भाऊजी, दोन्ही तोटे मी मांडून बघितले. सारखे येत होते.

गेल्या रविवारी नाश्ता झाला, मी ताटल्या उचलत होते, आणि तुमचे दादा कधी नव्हे ते स्वतःहून तुमच्या खोलीत गेले. खुर्चीत बसले नाहीत, मागं उभे राहिले. चादर त्यांनीच काढली. सईला हाक मारून खेळ चालू करायला लावला आणि वाकून पडद्याकडे बघायला लागले. मग मला म्हणाले, "हा म्हणजे आपला मंदार ना, टोपीवाला?"

"हो."

"आणि मागं ती सगळी माणसं?"

"खालच्या वस्तीतली."

"आणि पाऊस चालूच आहे."

"तो चालूच राहतो, बाबा," सई म्हणाली. "आपण काही करेपर्यंत."

"मग करा ना काहीतरी! केव्हाचा भिजत उभा केलाय त्याला."

ऐकताय ना? मधल्या फरशीवरचा माणूस बोलला! मी ताटल्या तिथंच ठेवल्या आणि तुमच्या खुर्चीत बसले.

मग आमच्यात जुंपली. सई म्हणाली खोटा हुकूम सांग, नगरप्रमुखाचं नाव घे, काम झटक्यात होईल. तुमचे दादा म्हणाले, "विनंती कर की सरळ, तो तेच करायचा." मी म्हटलं, थांबा. विनंती केली आणि त्यानं उघडलं, तर तो विनंतीला वितळला म्हणायचं. धमकी दिली तर भ्याला, लाच दिली तर विकला गेला. आपण काहीच बोललो नाही तर तो जे करील ते त्याचं एकट्याचं. खरी परीक्षा पाचव्या वाटेचीच. काही न बोलता उभं राहायचं.

आणि हे म्हणताना माझ्या अंगावर काटा आला, भाऊजी. कारण तुम्हीसुद्धा तीच वाट घेणार होतात. चप्पल घालायच्या आधी तुमच्या माउसचा बाण त्या पाचव्या ओळीवर होता, मी बघितलं होतं. ड्युटीवरच्या माणसाला छळायचं नाही म्हणून तुम्ही गप्प राहणार होतात, आणि परीक्षेत भेसळ नको म्हणून मी. एवढी वर्षं आपण भांडलो आणि बोट आलं ते एकाच ओळीवर.

दाबलं.

काही झालं नाही. पाऊस पडतोय, माणसं उभी, फाटकवाला उभा. सई म्हणाली, "हँग झालं." तुमचे दादा म्हणाले, "गप, बघ तो वळला." आणि तो वळला! आपल्याकडे पाठ करून उभा राहिला, बहिणीच्या वेळी राहिला होता तसाच. मी मनात म्हटलं, झालं, जिंकले. आणि जिंकल्याचं मला इतकं वाईट वाटलं की मी डोळे मिटून घेतले.

"अगं उघड डोळे! किल्ली काढली त्यानं!"

किल्ली काढली, भाऊजी! पाठ आपल्याकडे होती कारण कुलूप त्या बाजूला होतं. त्यानं फाटक उघडलं, दोन्ही फळ्या. माणसं आत जायला लागली, म्हाताऱ्या, शेळ्या, डोक्यावर गाठोडी, आणि शेवटी तो लसूण, पाठीवर कुणाचंतरी पोर घेऊन. सई खुर्चीच्या मागं उड्या मारत होती. "काका जिंकला, काका जिंकला!" मी ओरडले, "आधी संपू दे!" कारण फाटकवाल्याचं काम संपलं नव्हतं. सगळे आत गेल्यावर त्यानं फाटक पुन्हा लावलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं. मग कमरेची थैली सोडली आणि दारावरच्या पाटीखाली दंडाची लोखंडी पेटी होती, तिच्यात एकेक नाणं टाकायला लागला.

कुणी मागितलं नव्हतं! बघायला वरचा अधिकारी नव्हता! त्यानं नियम मोडला आणि मोडल्याची किंमत नियमानंच भरत होता. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, बघा, नियमीच आहे, मी म्हणत होते! सई म्हणाली, "भला आहे, काका म्हणत होता!" आणि तुमचे दादा, ज्यांनी तुम्ही गेल्यापासून तुमचं नावसुद्धा धड घेतलं नव्हतं, ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "अरे, मग दोघं मिळून एवढे दिवस भांडत काय होतात?" सईनं हॉलमध्ये जाऊन कुलूप पायानंच एक फरशी वर सरकवलं. नियमी-भला. फरशी तुमची, कारण माझं.

तेवढ्यात नाण्यांचा आवाज थांबला. त्याची थैली रिकामी झाली होती. दोनशे साठ. तो ती उलटी करून झटकत होता. पडद्यावर एक ओळ आली आणि सईनं ती वाचून दाखवली: उरलेले तुम्ही भराल का?

मी तुमची थैली उघडून बघितली. वाटसरूनं सगळ्या शहराला वाटून वाटून त्यात बावन्नच शिल्लक ठेवली होती. एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही विचारला नाही. चाळीस नाणी भरली, शहराच्या पेटीत, फाटकवाल्याच्या नावानं, तुमच्या पैशांतून.